बार्बाडोसची दुसरी खेप



बार्बाडोस हे नाव आपल्या घरात आलं ते क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकून आला. त्या दौऱ्यात ब्रिजटाऊनच्या कसोटीत सुनील गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७ धावा काढल्या होत्या. पुढे २९ जून २०२४ ला त्याच ब्रिजटाऊनमध्ये भारतानं टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला. लगोलग बेरिल नावाचं चक्रीवादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि जगज्जेता संघ हॉटेलात अडकून पडला. खास विमानानं मंडळी दिल्लीला पोहोचली तेव्हा ४ जुलै उजाडला होता.

आज मला क्रिकेटवर बोलायचं नाही, पैशांवर बोलायचं आहे. पण ते वादळ जरा ध्यानात असू द्या, त्याचा खर्चाशी संबंध आहे.

आमची लेक टोरंटोला असते. तिथून थेट विमानानं बार्बाडोस साधारण पाच तासांवर. हिवाळाभर अंगणातला बर्फ उपसून वैतागलेली तिथली माणसं, आणि त्यात आपली मराठी कुटुंबंही आली, उन्हासाठी कुठल्या ना कुठल्या कॅरिबियन बेटावर जातात. गंमत अशी की यातली पुष्कळ माणसं फिरून फिरून त्याच बेटावर जातात. अरुबा नावाच्या बेटावर तर सलग वीस वर्षं येणाऱ्या पाहुण्याला पर्यटन खातं रीतसर सदिच्छादूत ही पदवी देतं. आम्हीही बार्बाडोसला परत गेलो, आणि तेव्हा लक्षात आलं की या सहलीत पैसे वाचतात ते दुसऱ्या खेपेपासून. पहिल्या खेपेला उगाच काटकसर करू नये. तेव्हा होडीतून फिरावं, गुहा बघावी, मिळेल ते चाखावं, खर्च होऊ द्यावा. एकदा सगळं बघून झालं की दुसऱ्या वेळी तुम्ही तिथे नुसतं राहायला मोकळे होता. पाहण्याचे पैसे पडतात; राहायला त्या मानानं स्वस्त पडतं.

आधी मोसमाचं सांगते. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथला भरगच्च हंगाम. नाताळ, कॅनडातल्या शाळांची मार्चमधली सुट्टी आणि ईस्टर या तीन वेळा तर भावाला धरबंध नसतो. ईस्टर सरला की खोल्यांचे दर उतरतात. समुद्र तोच, ऊन तेच. पुढे १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा अधिकृत काळ. बार्बाडोस बेटांच्या माळेच्या पूर्वेला, जरा बाहेर पडल्यासारखं आहे, म्हणून बरीच वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. पण बेरिलनं दाखवलं की बाजूनं जाणारं वादळही विमानं थांबवतं आणि कोळ्यांच्या होड्या फोडतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर दर सर्वांत कमी असतात ते याच भीतीपायी. सप्टेंबरात तर कितीतरी हॉटेलं आणि खाणावळी डागडुजीसाठी बंदच असतात. मग स्वस्तात मिळवलेल्या खोलीत बसून करायचं काय? त्यातून ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी क्रॉप ओव्हर हा त्यांचा उसाच्या हंगामाचा मोठा उत्सव संपतो. त्याच्या आगेमागे भाव पुन्हा चढतात. माझ्या मते ईस्टर ते जूनची सुरुवात, नाहीतर नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरचा मध्य, या दोन फटी उत्तम.

एक मात्र आहे. २०११ पासून त्या समुद्रात सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ लोंढ्यानं येतं, आणि ते नेमकं याच स्वस्त महिन्यांत, वसंतात आणि उन्हाळ्यात. किनाऱ्यावर साचलं, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास मारतं. ते मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला लागतं, पश्चिम किनारा बहुधा स्वच्छ राहतो. खोली दक्षिणेला, पोहणं पश्चिमेला, असा बेत जमतो. कारण हे बेट आहेच केवढं? चौतीस किलोमीटर लांब आणि तेवीस रुंद.

आता राहण्याचं. पश्चिम किनारा म्हणजे होलटाऊनच्या बाजूचा, श्रीमंतांचा. तिथले भाव ऐकूनच आपण नमस्कार करावा. दक्षिणेला वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स या पट्ट्यात ओटा आणि फ्रिज असलेल्या छोट्या सदनिका भाड्यानं मिळतात. पहिल्या वेळी लोक हाताला पट्टा बांधून देणाऱ्या, खाणंपिणं सगळं धरलेल्या मोठ्या हॉटेलात उतरतात. नवख्या माणसाला ते सोयीचं आहे, मी नावं ठेवत नाही. पण दुसऱ्यांदा तुम्हाला बाहेरचं काय चांगलं ते ठाऊक झालेलं असतं. मग जेवणाचे पैसे हॉटेलात भरून ठेवायचे आणि मासे खायला बाहेर जायचं, म्हणजे एका जेवणाचे दोनदा पैसे.

आणि पुन्हा येणाऱ्याच्या हाती एक हुकमी पत्ता असतो, तो म्हणजे घरमालकाची ओळख. निघतानाच पुढच्या वर्षाचं बोलून ठेवलं की मधल्या संकेतस्थळाचं कमिशन दोघांचंही वाचतं, आणि जुना पाहुणा म्हणून भाडंही थोडं उतरतं. सामान स्वच्छ ठेवणारा, पैसे वेळेवर देणारा भाडेकरू कुणाला नको असतो? आमच्या मालकीणबाईंनी आमची पोहण्याचे चष्मे, नळ्या आणि चटई यांची पेटी त्यांच्या माळ्यावर ठेवून घेतली आहे. दर खेपेला चष्मे भाड्यानं घेणं संपलं आणि विमानातलं वजनही वाचलं. मात्र हा व्यवहार ज्यांच्याकडे आपण प्रत्यक्ष राहून आलो त्यांच्याशीच करावा. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नयेत.

आता डॉलरचं. बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे. १९७५ पासून त्याचा भाव बांधलेला आहे, एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडियन. दुकानात दोन्ही चालतात, आणि खरी गोम तिथेच आहे. पाटीवर नुसतं डॉलरचं चिन्ह असतं. ते डॉलर कुणाचे? टॅक्सीवाला वीस म्हणाला आणि तुम्ही अमेरिकी वीस काढून दिले, तर झाले ना दुप्पट! प्रत्येक वेळी आधी विचारायचं, "बेजन की यूएस?" बेजन म्हणजे बार्बाडोसचे. यात कुणालाही राग येत नाही, तिथली माणसंही विचारतात. टॅक्सीला मीटर नसतो, त्यामुळे भाडं आणि चलन दोन्ही बसण्याआधीच ठरवायचं. खाणावळीत दराखालची बारीक अक्षरं वाचायची. १७.५ टक्के व्हॅट धरलाय की वरून लागणार, आणि साधारण १० टक्के सेवाशुल्क बिलात आलंय का, ते बघायचं. आलं असेल तर वेगळी बक्षिशी देण्याची सक्ती नाही.

पण टॅक्सी लागते कशाला? सबंध बेटावर बसचं भाडं एकच, साडेतीन बार्बाडियन डॉलर. एक थांबा जा, नाहीतर या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. म्हणजे पावणेदोन अमेरिकी डॉलर. बसचे प्रकार तीन. सरकारी बस निळी, पिवळ्या पट्ट्याची. तिच्यात पैसे पेटीत टाकायचे आणि सुटे परत मिळत नाहीत. खाजगी मिनीबस पिवळी. आणि तिसरी ती पांढरी व्हॅन, लाल पट्ट्याची. तिच्या नंबरपाटीवर झेड आर ही अक्षरं असतात, म्हणून सगळे तिला झेडआरच म्हणतात. ही तिथली वडाप. दक्षिण किनाऱ्यावरून सिल्व्हर सँड्सला जाणारी अकरा नंबरची झेडआर आमची नेहमीची. आत गाणी इतक्या जोरात की छातीत धडधडतं. जागा नाही असं वाटावं तोच कंडक्टर "सरका, सरका" करत आणखी दोघांना कोंबतो. शाळेची पोरं, बाजार करून आलेल्या आज्या, कामावरची माणसं, सगळी मांडीला मांडी लावून. पण चढणारा प्रत्येक जण आधी "गुड मॉर्निंग" म्हणतो, आणि अख्खी गाडी उत्तर देते. आपण मुकाट्यानं चढलो तर ते उद्धटपणाचं दिसतं. थांब्याच्या गोल फलकावर 'टू सिटी' किंवा 'आउट ऑफ सिटी' एवढंच लिहिलेलं असतं. सिटी म्हणजे ब्रिजटाऊन. एवढं कळलं की बेट तुमचं.

पूर्वेला बाथशिबा म्हणून जागा आहे, अटलांटिकच्या लाटांमध्ये उभे राहिलेले प्रचंड खडक. टॅक्सीनं ती सहल चांगलीच महाग पडते. ब्रिजटाऊनहून बसनं दोघांचं जाणं-येणं चौदा बार्बाडियन, म्हणजे सात अमेरिकी डॉलर. तिथे पाय बुडवावेत, पोहायचं मात्र नाही. पाण्याची ओढ जबरदस्त आहे, तिथल्या लाटा फळीवाल्या खेळाडूंसाठी. गाडी भाड्यानं घ्यायचीच तर एका दिवसासाठी घ्यावी, उत्तरेच्या टोकाला जायला. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं.

खाण्याकडे येऊ. बरंचसं वाणसामान बाहेरून येतं, त्यामुळे सुपरमार्केटमधलं चीज, द्राक्षं, डबाबंद वस्तू यांचे भाव बघून डोळे पांढरे होतात. तिथे पिकतं ते खावं. शनिवारी सकाळी ब्रिजटाऊनच्या चीपसाइड बाजारात जावं. रताळी, भेंडी, कच्ची-पिकी केळी, सुरणासारखा याम, आपल्या अंबाड्याच्या जातकुळीतलं गोल्डन ॲपल. आणि नीरफणस! कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको, काप करून तव्यावर टाकले की जेवण झालं. १७९३ साली कॅप्टन ब्लायनं ही झाडं प्रशांत महासागरातून कॅरिबियनमध्ये आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. तिथल्या माणसांच्या रोजच्या 'राइस अँड पीज' मधले पीज म्हणजे चक्क तूर. शाकाहारी माणसाचं त्यावर छान निभतं, फक्त भातात खारवलेलं मांस टाकलंय का ते विचारून घ्यावं.

मासे खाणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्स गाठावं. कोळ्यांच्या बाजाराशेजारी टपऱ्यांची रांग, जाळावर भाजलेले मार्लिन आणि माहीमाही, तळलेले उडते मासे. शुक्रवारी सगळे पर्यटक तिथे असतात, रांगा लांब. ते एकदा बघून झालं असेल तर दुसऱ्या खेपेला मधल्या वारी जा. गर्दी कमी आणि टपरीवालीला बोलायला वेळ. ताट एवढं भरतं, मासा, भात, मॅकरोनी पाय, कोशिंबीर, की आम्ही दोघांत एक घेतो. दुपारच्याला कटर घ्यावा, गोल पावात मासा किंवा चीज भरलेला. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेऊच नका. प्रवाळाच्या चुनखडीतून गाळून आलेलं तिथलं भूजल नळाला येतं, ते निर्धास्त प्यावं. आठवडाभराच्या बाटल्यांचा हिशेब करून बघा.

फुकटात काय मिळतं? सर्वांत मोठी गोष्ट, समुद्र. बार्बाडोसमधला प्रत्येक किनारा सार्वजनिक आहे. पंचतारांकित हॉटेलासमोरच्या वाळूतसुद्धा चटई अंथरायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही, फक्त त्यांच्या खुर्चीवर बसायचं नाही. कार्लाइल बेमध्ये काही ठिकाणी आत जायला पैसे घेतात. शेजारच्या वाटेनं गेलं तर तीच वाळू, तेच पाणी, फुकट. तिथे किनाऱ्यापासून पोहत जाता येईल इतक्या अंतरावर बुडालेली जहाजं आहेत, आणि कासवंही दिसतात. होडीवाले पैसे घेऊन दाखवतात ते हेच. पोहण्याचा चांगला सराव हवा, बस्स. त्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला भल्या पहाटे जावं. गॅरिसनच्या रेसकोर्सवरचे घोडे तिथे समुद्रात धुवायला आणतात. मोतद्दार स्वतः गळाभर पाण्यात, आणि घोड्याचं फक्त डोकं वर, नाकपुड्या फेंदारून फुरफुरणारं. साडेसात-आठला सगळं आटोपलेलं असतं. पहिल्या खेपेला आम्हाला याचा पत्ताच नव्हता, कारण कुठल्याच सहलीच्या यादीत हे नसतं.

दोन-चार किरकोळ गोष्टी. लष्करी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका, बार्बाडोसमध्ये ते सामान्य माणसानं, अगदी लहान मुलानंही, घालणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर लाल पट्टा रंगवलेल्या झाडाखाली पावसात उभे राहू नका. ते मँचिनील, त्याच्या चिकानं अंगावर फोड येतात. आणि कुणी फुकट नाश्त्याचं आमंत्रण दिलं तर दोन तास टाइमशेअरचं व्याख्यान ऐकावं लागेल हे समजून जा.

आता जिथे हात आखडायचा नाही ते सांगते: विमा. आपल्या वयाच्या माणसांनी प्रकृतीचा आणि प्रवासाचा, दोन्ही. यात एक बारकावा आहे. वादळाला नाव पडलं की त्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाचं नुकसान धरत नाहीत. म्हणून स्वस्त महिन्यांत जाणाऱ्यांनी तिकिटाबरोबरच विमा काढावा, बातमी आल्यावर नव्हे.

इथून थेट जायचं मनात असेल त्यांच्यासाठी: भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण मुंबईहून थेट विमान नाही. लंडन, अमेरिका किंवा कॅनडामार्गे जावं लागतं, आणि त्या मधल्या देशाच्या व्हिसाची अट असते. तेवढ्यासाठी लांबचा खर्च करून जाण्यात मला हशील वाटत नाही. मुलंबाळं टोरंटो, न्यू जर्सी किंवा लंडनला असतील, तुम्ही तिकडे जाणारच असाल, तर त्यातला एक आठवडा बाजूला काढा, ईस्टर उलटल्यावरचा. मुलांना आजच सांगून ठेवा, तिकिटं लवकर काढावी लागतात.