दारापासूनची वाट
(दिंडीच्या शतकमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)





गेले सहा दिवस या मंडपात नामाचा महिमा ऐकला. संतांची चरित्रे ऐकली. आज दुपारच्या या वेळेला आम्हा व्यवस्थेच्या मंडळींना चार शब्द बोलायला सांगितलं आहे. आम्ही काही प्रवचनकार नाही. तंबू, पाण्याचा टँकर, शिधा, आजाऱ्यांचं औषधपाणी, ट्रकमधलं सामान, हे आमचं काम. म्हणून आम्ही बोलणार आहोत ते आपल्या पायाखालच्या गोष्टीबद्दल. रस्त्याबद्दल. कुणी म्हणेल, हरिकथेच्या मंडपात रस्त्याचं काय काढलंत? पण मंडळी, वारी म्हणजे चालणं. आणि चालायला वाट लागते.

आपली दिंडी मंदिराच्या पायरीवरून निघते आणि पहिल्या दिवशी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत 14 किलोमीटर चालते. जुनी माणसं याला चार-साडेचार कोस म्हणत. हा आपल्याला एकच रस्ता वाटतो. सरकारी दप्तरात ते तीन रस्ते आहेत. वेशीपासून पहिले 3 किलोमीटर ग्रामीण मार्ग. तिथून ओढा ओलांडून पुढचे 6 किलोमीटर इतर जिल्हा मार्ग. हे दोन्ही जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. त्यापुढचे 5 किलोमीटर प्रमुख जिल्हा मार्ग, तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. मग राज्य मार्ग, आणि पुढे माऊलींच्या सोहळ्यात मिळालो की राष्ट्रीय महामार्ग. आणि मंदिरापासून वेशीपर्यंतची गल्ली? ती ग्रामपंचायतीची. म्हणजे वारकरी एक, पताका एक, नाम एक, पण पायाखाली मालक अनेक!

हे मालक माहीत का असावेत? खड्डा एकाचा आणि अर्ज दुसऱ्याला, असं गावोगाव चालतं म्हणून. प्रमुख जिल्हा मार्गाचा अर्ज जिल्हा परिषदेत दिला तर तो टेबलावर पडून राहतो. ग्रामीण मार्गाचा अर्ज सार्वजनिक बांधकामला दिला तर तिथले साहेब म्हणतात, हा आमचा नाही. ते खरंच बोलत असतात. आपला हेलपाटा मात्र वाया जातो.

आता थोडं मागचं बघू. आपल्या पणज्यांनी दिंडी काढली तेव्हा या 14 किलोमीटरांत डांबराचा थेंब नव्हता. गाडीवाट होती. गावच्या जुन्या नकाशावर दोन तुटक रेषा दिसतात ना, ती गाडीवाट. एक तुटक रेष असते ती पाऊलवाट. त्या काळी जिल्ह्याचे रस्ते लोकल बोर्डाकडे असत. मुंबई इलाख्यात 1869 च्या कायद्याने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांना, बाकीचा रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांना. म्हणजे जिल्ह्याचा रस्ता पहिल्यापासून शेतकऱ्याच्या आण्यावर उभा आहे. पुढे 1943 साली नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी रस्त्यांची उतरंड ठरवली: राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे, गावचे. आजची नावं त्याच उतरंडीतून आली. 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावाकडचे रस्ते त्यांच्या पदरात पडले.

पण या रस्त्यांवर खडी कुणी घातली? इथं पुढं बसलेल्या म्हाताऱ्या माऊलींनी! 1972 च्या दुष्काळात गावोगाव खडीची कामं निघाली. डोक्याला पदर गुंडाळून, हातात हातोडी घेऊन, मांडीवर लेकरू घेऊन या बायांनी दगड फोडला. दुपारी सुकडी खाल्ली आणि पुन्हा हातोडी उचलली. त्याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आपल्या 6 किलोमीटरच्या टप्प्याखाली आजही तीच खडी आहे. त्यामुळे हा रस्ता सरकारने आपल्याला फुकट दिला, असं कुणी समजू नये.

आता आजचं. पालखी मार्गाचं रूप पालटलं, हे मान्य करायला हवं. 8 नोव्हेंबर 2021 ला त्याच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली. माऊलींच्या मार्गाचा दिवेघाट ते मोहोळ असा सुमारे 221 किलोमीटर आणि तुकोबारायांच्या मार्गाचा पाटस ते तोंडले-बोंडले असा सुमारे 130 किलोमीटरचा हा भाग. कडेला पालखीसोबत चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरलेली आहे. ज्यांनी लोणंद, तरडगाव, फलटणच्या बाजूला जुन्या अरुंद रस्त्यावर ट्रकच्या चाकांशेजारून टाळ वाजवले, त्यांना याची किंमत कळते.

पण मायबाप, तिकडचा रस्ता रुंद झाला आणि आपल्या दाराचा रस्ता खचला. ओढ्यावर फरशी पूल आहे. दोन वर्षांपूर्वी प्रस्थानाच्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस झाला. पताकावाले पलीकडे गेले, टाळकरी गेले, आणि पाणी चढलं. वीणा अलीकडे, तुळशी अलीकडे. तीन तास दिंडी दोन तुकड्यांत उभी होती. दोन्ही काठांवर भजन चालू होतं, पण एका काठाचं दुसऱ्या काठाला ऐकू जात नव्हतं. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही, ही पांडुरंगाची कृपा. पण त्याच फरशीवरून आजारी माणूस न्यायचा असतो, बाळंतीण न्यायची असते, पोरं शाळेला जातात. त्यांच्यासाठी प्रस्थानाचा एकच दिवस नसतो, चार महिने पाऊस असतो.

आणि त्यानंतर काय झालं? मागच्या वारीला निम्म्या माऊली टेम्पोत बसून मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या. खड्ड्यांतून म्हाताऱ्या पायांनी चालवत नाही, गुडघा मुरगळतो. आम्हीच टेम्पोची सोय केली, करायलाच हवी होती. पण टेम्पोत चढताना एक आक्का म्हणाल्या, "मोठ्या रस्त्याला जाऊन उतरायचं, मग दारातून निघालो असं कशाला म्हणायचं रं?" या प्रश्नावर आमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं नाही. शंभर वर्षं आपली दिंडी देवळाच्या पायरीपासून चालली. दुसऱ्या शतकात ती फाट्यावरून सुरू होणार का, हा आजचा प्रश्न आहे. गाव मग नुसतं निरोप द्यायला उरेल.

म्हणून रस्ता मरतो कशाने, हे आधी समजून घेऊ. रस्ता चालण्याने मरत नाही, पाण्याने मरतो. चांगला रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. डांबरी रस्त्याला मीटरमागे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर उतार लागतो. पाणी मधोमध पडलं की कडेला जावं, साईडपट्टीवरून चरात उतरावं, चरातून मोरीत आणि मोरीतून ओढ्याला. एवढी वाट पाण्याला मोकळी मिळाली तर रस्ता टिकतो. ती अडली की पाणी डांबराखाली शिरतं. खाली आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वरची खडी हलते, डांबर सुटतं, आणि त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला की खड्डा तयार.

मग चर कुणी बुजवला? हे अवघड आहे, पण उत्सवाच्या मंडपात खरं बोलायला हरकत नाही. गावोगाव दिसतं ते असं: नांगर दरवर्षी वीतभर रस्त्याकडे सरकतो आणि साईडपट्टी रानात जाते. रानात उतरायला चरावर माती टाकली जाते आणि खाली पाइप घातला जात नाही. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदला जातो आणि वरून नुसती माती लोटली जाते. मोरीच्या तोंडाशी काट्याकुट्या आणि प्लॅस्टिक साचतं. पूर्वी रस्त्यावर मैलकुली असायचा. हातात फावडं, डोक्यावर टोपली, त्याच्या वाट्याच्या मैलांची तो देखभाल करायचा. पावसाळ्याआधी चर काढायचा, खड्ड्यात खडी-मुरूम भरायचा. आता मैलकुली दिसत नाही. त्याचं काम मात्र संपलेलं नाही.

दुसरी बाजू पैशाची. जिल्हा परिषदेकडे रस्ते फार आणि पैसा थोडा. रस्ते-दुरुस्तीचा निधी 3054 या लेखाशीर्षाखाली येतो, नवीन काम आणि मजबुतीकरण 5054 खाली. हा पैसा बराचसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. यादीत कुठला रस्ता बसवायचा यावर ओढाताण असते, आणि ज्या गावाचा कागद तयार असतो त्याचं नाव आधी लागतं. कागद म्हणजे काय? रस्त्याचा क्रमांक, लांबी, कुठून कुठपर्यंत, मोऱ्या किती, बिघाड कुठल्या किलोमीटरला, आणि ग्रामसभेचा ठराव. रस्ते विकास आराखड्यात रस्त्याला क्रमांक नसेल तर त्याच्यावर पैसा टाकणं अवघड होतं. नुसतं "आमच्या गावचा रस्ता खराब आहे" असं लिहून भागत नाही.

आणखी एक. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. त्यातून झालेल्या रस्त्याची पाच वर्षं देखभाल ठेकेदाराने करायची असते. रस्त्याच्या तोंडाला फलक असतो, त्यावर कामाचं नाव, लांबी, खर्च, ठेकेदार, मुदत लिहिलेली असते. आपण त्या फलकाला सायकल टेकवतो, पण वाचत नाही. मुदतीत खड्डा पडला तर तो त्याच ठेकेदाराकडून भरून घेता येतो. मुदत उलटल्यावर जागे झालो तर पुन्हा निधीच्या रांगेत उभं राहावं लागतं.

तर शतकाची आठवण म्हणून काय करायचं? कुणी सुचवलं, मोठी कमान बांधू. कमान बांधा, आमचा विरोध नाही. पण आम्ही व्यवस्थेची मंडळी तीन कामं तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं काम वहीचं. दिंडीची हिशोबाची वही असते, तशी वाटेची वही ठेवायची. देवळापासून फाट्यापर्यंत प्रत्येक किलोमीटर, प्रत्येक मोरी, प्रत्येक वळण त्यात लिहायचं. तरुण मंडळींनी मोबाईलवर फोटो काढून तारखेसह जोडायचे. वर्षातून दोनदा नोंद: होळीनंतर आणि दिवाळीनंतर.

दुसरं काम ठरावाचं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. त्या सभेला टाळकरी जितके भजनाला येतात तितके आले पाहिजेत. वाटेवर गावं चार आहेत. चारही गावांचा एकच मजकुराचा ठराव करून जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात द्यायचा आणि पोच घ्यायची. ओढ्यावर फरशीच्या जागी उंच पूल, ही एकच मागणी सर्वांत वर. दहा मागण्या केल्या की दहाही मागे राहतात.

तिसरं काम हाताचं. आषाढी वारीला माऊलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं. त्याआधी मृग निघतो. म्हणून वैशाखात, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, एक एकादशी धरून फावडी घेऊन निघायचं. चर मोकळे करायचे, मोऱ्यांची तोंडं उघडायची, वळणावरच्या वेड्या बाभळी छाटायच्या. डांबर टाकणं आपलं काम नाही, ते ज्यांचं आहे त्यांच्याकडून करून घ्यायचं. पण पाण्याला वाट देणं आपल्या हातात आहे. ज्यांच्या रानाकडे साईडपट्टी गेली आहे त्यांच्याशी भांडायचं नाही. माळकऱ्यांनी माळकऱ्याच्या बांधावर जाऊन हात जोडायचे. तेवढं पुरतं, असा आमचा अनुभव आहे.

कुणाला वाटेल, हे कसलं परमार्थाचं काम? त्यांनी गाडगेबाबांना आठवावं. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गावची वाट झाडायची आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या त्या वारकऱ्यांच्या पाठीला जमीन मिळावी म्हणून. झाडलेली वाट आणि गायलेलं नाम यांत त्यांनी कधी अंतर ठेवलं नाही.

आम्ही आज वाटेच्या वहीचं पहिलं पान इथं विण्याशेजारी ठेवत आहोत. काला झाला की प्रत्येक गावच्या दोन तरुणांनी आणि दोन माऊलींनी आपली नावं त्यावर लिहावीत. त्या आक्कांचं नाव आम्ही त्यांना विचारून सगळ्यांत वर लिहिलं आहे. येत्या वैशाखातल्या वद्य एकादशीला सकाळी सात वाजता वेशीवर जमायचं. येताना फावडं आणि घमेलं आणावं. न्याहारी दिंडीची.

बोलण्यात अधिक-उणं झालं असेल ते पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!