दंत्य वर्ण आणि कृत्रिम दांत



त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण. जिभेचें टोक वरच्या दांतांस टेकल्यावांचून ते शुद्ध उमटत नाहींत, असें मीं पस्तीस वर्षें मुलांस शिकविलें. निवृत्तीनंतर माझे वरचे पुढील चार दांत गेले. नातवास शुद्धलेखन घालतांना मीं ‘नदी’ म्हटलें, तेव्हां त्यानें वही खालीं ठेवून विचारलें, “आजोबा, काय म्हणालांत?”

म्हातारपणीं ही हौस कशाला, म्हणून मीं दोन वर्षें दवडलीं. ती चूक होती. भाकरी कुस्करून खातां येते, शब्द कुस्करून बोलतां येत नाहीं. शिवाय रिकाम्या जागेकडे शेजारचे दांत कलतात, तेथील हाड झिजतें आणि पुढें कवळी नीट बसत नाहीं.

नागपुरास १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. मंगरूळपीरहून मी तेथें गेलों. मार्ग तीन : काढघाल करण्याची कवळी, शेजारच्या दांतांवर आधारलेला पूल, आणि हाडांत रोवलेल्या टिटॅनियमच्या खुंटावरील दांत. हा तिसरा उपाय स्वीडनमध्यें ब्रॅनमार्क यांनीं १९६५ सालीं रुग्णावर प्रथम केला.

मीं कवळी घेतली. रात्रीं ती काढून पाण्यांत ठेवावी लागते. आरंभीं जीभ अडखळली. रोज मोठ्यानें वाचीत राहिलों.

काल पुन्हां शुद्धलेखन घातलें. ‘नदी’ हा शब्द नातवानें न विचारतां लिहिला.