साठ टक्के म्हणजे नापास नव्हे

परळ-लालबागला एक वाक्य वारंवार कानी पडतं. ‘टूडी इको काढला, हार्ट साठ टक्केच चालतंय.’ ऐकणाराही गंभीर होतो. चाळीस टक्के गेलं की!

गेलेलं काहीच नसतं. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरला, त्यात समजा १२० मिलिलिटर रक्त मावलं आणि एका ठोक्यात ७० बाहेर पडलं, तर हिशेब होतो ५८ टक्के. निरोगी हृदयही कधी पूर्ण रिकामं होत नाही. साधारण ५५ ते ७० हा ठीक आकडा. शाळेच्या प्रगतिपुस्तकाची सवय आपल्याला इथेही छळते.

आकडा मिळतो तो आवाजातून. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकतो; या यंत्राची कंपनं वीस ते पन्नास लाख. ती हृदयाच्या भिंतीवर आपटून परततात आणि पडद्यावर भिंत हलताना दिसते. झटका येऊन गेला असेल, तर तेवढाच भाग निपचित पडलेला दिसतो. आम्ही कवींनी काळजावर इतकं लिहिलं, पण ते थकतं कसं हे दाखवलं या यंत्रानं.

त्याचं मूळ गोदीत आहे. स्वीडनमधल्या लुंड इथले डॉ. इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेआधी जाणून घ्यायचं होतं, की रुग्णाची झडप अरुंद झालीय की गळतेय. संधिवाताच्या तापानं झडपा बिघडण्याचा हा आजार दाटीवाटीच्या वस्त्यांचा. गिरणगावालाही तो नवा नाही. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्‌झ यांनी मालमोच्या गोदीतून धातूमधल्या भेगा शोधायचं यंत्र उसनं आणलं, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाची हालचाल टिपली. माझगावच्या गोदीत घाम गाळलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

आता आकडा खरंच तीस-पस्तीस आला तर? स्नायू दुबळा झालाय, हे खरं. पण नियमित औषधांनी तो अनेकांचा वर चढतो. हात टेकून बसू नये. उलट आकडा साठ, आणि जिना चढताना धाप लागते, असंही होतं. तिथे हृदय ताठर झालेलं असू शकतं, नीट सैलावत नाही, म्हणून नीट भरत नाही. तेव्हा एका आकड्यावर विसंबू नका, सगळा अहवाल डॉक्टरांकडून समजून घ्या.

या तपासणीत क्ष-किरण नाहीत, सहसा सुईही नाही, त्यामुळे ती पुन्हा करता येते. पुढच्या खेपेला जुना कागद सोबत न्या. हात बदलला की चार-पाच टक्के इकडेतिकडे होतात, तेवढ्यानं घाबरू नका.