हवाई अंतर आणि हवाई वेळ

दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो बहुधा महावृत्तावर मोजलेला असतो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल तिच्या पृष्ठभागाला जिथे छेदते, तिथे उमटणाऱ्या वर्तुळाला महावृत्त म्हणतात, आणि गोलावरील दोन ठिकाणांना जोडणारा सर्वांत आखूड मार्ग याच वर्तुळाचा कंस असतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा कंस सुमारे 12,400 किलोमीटरचा असून तो आर्क्टिक प्रदेशातून जातो. वैमानिकाला मात्र भूमितीबरोबर वाऱ्याचाही विचार करावा लागतो.

या दोन शहरांमधील एअर इंडियाचे विमान 2016च्या ऑक्टोबरपर्यंत पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून, सुमारे 13,900 किलोमीटर अंतर कापून जात असे. त्या महिन्यात ते पूर्वेकडे वळवून पॅसिफिकवरून नेण्यात आले, तेव्हा अंतर 15,300 किलोमीटरवर गेले, पण प्रवास साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास आधी संपला. भागाकार केला तर जमिनीच्या संदर्भातील सरासरी वेग ताशी 1,050 किलोमीटरच्या घरात जातो. बोइंग 777 विमानाचा भोवतालच्या हवेच्या संदर्भातील वेग मात्र ताशी 900च्या आसपासच असतो. वरचा फरक पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याने भरून काढला. परतीचे विमानही पूर्वेकडेच निघून अटलांटिकमार्गे येत असल्याने जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच पूर्ण होई.

हा वारा म्हणजे जेट प्रवाह होय. विषुववृत्ताकडील उष्ण आणि ध्रुवाकडील थंड हवेच्या तापमानातील तफावतीमुळे, तसेच पृथ्वीच्या परिवलनामुळे, साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा अरुंद पट्टा हिवाळ्यात, तफावत वाढल्यामुळे, अधिक जोर धरतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला होता. परंतु जगभर वाचले जावे म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला आणि नेमका म्हणूनच तो फारसा कोणी वाचला नाही.

वारा अनुकूल असला तरी खालच्या देशाने वाट दिली पाहिजे. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर महावृत्तावर सुमारे 7,800 किलोमीटर असून रशियावरून जाणारे फिनएअरचे विमान ते साधारण साडेनऊ तासांत कापत असे. युक्रेनवरील आक्रमणानंतर, 2022च्या फेब्रुवारीअखेरीस रशियाचे आकाश बंद झाले आणि हाच प्रवास जवळपास 13 तासांवर गेला. टोकियोहून परतणारी विमाने उत्तर ध्रुवावरून नेण्याचा पर्याय कंपनीने स्वीकारला खरा, पण त्या भागात दोनपैकी एक इंजिन बंद पडल्यास उतरण्याजोगा विमानतळ जवळ नसल्याने, उरलेल्या एका इंजिनावर 300 मिनिटांच्या अंतरापर्यंत जाण्याची विशेष परवानगी तिला घ्यावी लागली.