जाहिरातीचा रुपया आणि बाकावरचा रुग्ण

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या सभेत आम्ही जमाखर्चाचा आढावा सादर करीत असतो. या वेळच्या पत्रकात ‘समाजमाध्यमांवरील जाहिरात’ असे एक नवे शीर्षक आपल्या दृष्टीस पडले असेल. पत्रक छपाईस जाण्यापूर्वी आपल्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी आम्हांस सरळच विचारले, की लोकांनी नेत्रभिंगांसाठी दिलेला पैसा मोबाइलवरील जाहिरातींत का घालावा? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर बंद दालनात न देता आपणा सर्वांसमोर द्यावे, असे आम्ही ठरविले.

पूर्वी मोतीबिंदू शिबिराची वार्ता आपण हस्तपत्रकांनी, एस. टी. स्थानकावरील फलकांनी आणि बाजाराच्या दिवशी रिक्षावर ध्वनिक्षेपक लावून पोहोचवीत होतो. पुढे हस्तपत्रके चहाच्या टपरीवर भजी बांधण्यास जाऊ लागली आणि गावागावांत मोबाइल आला. तेव्हा फेसबुक व इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात देण्याचे आम्ही मनावर घेतले. पहिल्या खेपेस आमची फजिती झाली, हे प्रथमच कबूल करतो. जाहिरातीस लाइक भरपूर मिळाले, पुण्या-मुंबईहून शुभेच्छा आल्या, कार्यालयात पेढेही वाटले गेले. शिबिराच्या सकाळी मात्र बाह्यरुग्ण विभागातील बाके रिकामी होती.

दोष आमचाच होता. या माध्यमांवर जाहिरात देताना ‘आपणांस काय हवे’ हे आरंभीच सांगावे लागते. लाइक हवे म्हटले, की ज्यांना लाइक करण्याची सवय आहे अशांनाच ती यंत्रणा जाहिरात दाखविते. आम्ही लाइक मागितले, आम्हांस लाइक मिळाले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. दुकानात नुसती चौकशी करून गेलेल्या गिऱ्हाइकास विक्रीखाती जमा धरणारा कारकून आम्ही एक दिवसही ठेवला नसता. पण येथे आम्ही स्वतः तेच केले.

त्यानंतर जाहिरातीवरून थेट रुग्णालयाच्या व्हॉट्सॲपवर संदेश येईल, अशी व्यवस्था केली. केसपेपरच्या खिडकीवर ‘शिबिराची माहिती कोठून कळली?’ एवढा एकच प्रश्न वाढविला. या प्रश्नाने काय साधते, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा, दोन जाहिरातींवर प्रत्येकी १०,००० रुपये खर्च झाले. पहिलीमुळे ४०० संदेश आले व १० रुग्ण दाखल झाले. दुसरीमुळे १०० संदेश आले, परंतु रुग्ण २५ आले. संदेश मोजले तर पहिली २५ रुपयांस पडते, दुसरी १०० रुपयांस. पहिली स्वस्त वाटते. रुग्ण मोजले तर पहिली १,००० रुपयांस आणि दुसरी ४०० रुपयांस. शिवाय त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. आरोग्यसेवा करमुक्त असल्याने तो आपणांस वजावटीत मिळत नाही. म्हणजे १०,००० ची जाहिरात आपल्या खतावणीत ११,८०० रुपयांस उतरते. लाइक आणि संदेश यांचे आकडे आम्ही आता पाहतो, पण ताळेबंद रुग्णावरच मांडतो.

दुसरी चूक अतिउत्साहाची. जिल्ह्यात १३ तालुके, म्हणून आम्ही १३ वेगळ्या जाहिराती केल्या व अल्पसा निधी सर्वांत वाटून टाकला. ही यंत्रणा अनुभवाने शिकते आणि एका संचास आठवड्यात सुमारे ५० प्रतिसाद मिळाल्याखेरीज तिचे शिकणे स्थिरावत नाही, हे आम्हांस मागाहून कळले. तेरा वाफ्यांत तांब्याभर पाणी फिरविल्यावर कोणतेच रोप तग धरीत नाही. आता घाटावरची एक आणि घाटाखालची एक, अशा दोनच जाहिराती असतात. दोहोंतील बोलीही त्या त्या भागाची ठेवली आहे.

आता पुण्याची गोष्ट. पहिल्या फजितीनंतर आम्ही रागारागाने जिल्ह्याबाहेर जाहिरात दाखविणे बंद केले होते. पुण्यातल्या लाइकचा आपणांस काय उपयोग, असा आमचा हिशेब होता. एके दिवशी मेहकरकडील एका आजीबाईंना खिडकीवर तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “पोरगा चाकणले कंपनीत हाय. त्यानं मोबाइलवर पाहिलं अन् मले फोन केला.” आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. ज्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला आहे, तो मोबाइलवरील जाहिरात वाचणार कशी? वाचणारा मुलगा चाकणला असतो, सून शेतात असते, नातू महाविद्यालयात. बोलायचे ते त्यांच्याशी. आजारावरून माणसे निवडण्याची सोयही आता नाही. आरोग्यासारख्या संवेदनशील विषयांवरून लक्ष्य ठरविण्याचे पर्याय मेटा कंपनीने १९ जानेवारी २०२२ पासून काढून टाकले. ‘तुम्हांस मोतीबिंदू आहे काय?’ असे वाचकाच्या व्याधीवर बोट ठेवणे तिच्या नियमांत बसत नाही, आणि शिष्टाचारातही बसत नाही. म्हणून निवड करण्याचे काम आम्ही मजकुराच्या पहिल्या ओळीवर सोपविले: ‘आई-वडील मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडे राहतात?’ ज्याचे राहतात तो थांबतो, इतर पुढे जातात. पुणे पुन्हा सुरू केले आहे.

‘मोफत’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापण्याचा मोहही आवरावा लागला. धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असतात. परंतु त्यासाठी कागदपत्रे लागतात. ते न सांगता आम्ही माणसे बोलाविली, आणि काहीजण शिधापत्रिका घरी राहिली म्हणून भाडे खर्चून रिकामे परतले. त्यांची क्षमा मागतो. आता कोणती कागदपत्रे आणावीत, हे जाहिरातीतच असते. संदेश कमी येतात, पण परत जाणारेही कमी झाले.

एक बाब सांगताना संकोच होतो. या वर्षी सर्वाधिक रुग्ण आणणारी जाहिरात आम्ही स्वतः बंद केली. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या एका मातोश्रींचे ते छायाचित्र होते. संमतीपत्रावर त्यांचा अंगठाही होता. परंतु ते छायाचित्र त्यांच्या लेकीच्या सासरी पोहोचले आणि ‘आईचे औषधपाणी धर्मादायात होते’ असे तिला ऐकावे लागले. मुलगा आमच्यापुढे येऊन बसला. चिडला नाही, फक्त म्हणाला, “साहेब, मायनं अंगठा देल्ला, पण हे एवढ्या लोकायले दिसंन हे तिले कोनं सांगतलं?” उत्तर नव्हते. त्याच दिवशी जाहिरात काढली. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमती समजून-उमजून दिलेली असावी, असे म्हटले आहे. अंगठ्याखाली ते समजणे नव्हते. आता रुग्णाचा चेहरा न दाखविता आपल्या परिचारिका बोलतात. प्रतिरुग्ण खर्च त्यामुळे वाढला. तो वाढीव आकडा आम्ही पत्रकात लपविलेला नाही.

जाहिरातीखाली लोक काय लिहितात, इकडेही आमचे आरंभी लक्ष नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केसगळती सुरू झाली, तेव्हा आमच्या नेत्रशिबिराच्या जाहिरातीखालीही केसांचेच प्रश्न येऊ लागले, आणि त्यांना उत्तर म्हणून कोणी तेल, कोणी लेप सुचवू लागले. आमच्या डॉक्टरांनी रोज अर्धा तास बसून, घाबरू नका, तपासणीस या, एवढेच उत्तर प्रत्येकास दिले. आश्चर्य असे, की त्यानंतर डोळ्यांच्या चौकशाही वाढल्या.

हंगामही पाळावा लागतो. जूनच्या पेरणीत आणि सोयाबीनच्या सोंगणीत कोणी शस्त्रक्रियेस येत नाही. तेव्हा जाहिरात बंद. दिवाळीत व्यापाऱ्यांच्या जाहिरातींची गर्दी असते, आणि ही जागा लिलावाने मिळत असल्याने भाव चढतो, तेव्हाही बंद.

राहता राहिली एक अडचण. आपल्याकडे संदेश येतात ते रात्री आठनंतर, शेतातून परतून जेवणे झाल्यावर. आपले कार्यालय सकाळी दहाला उघडते. तोवर विचारणाऱ्याचे मन बदललेले असते, किंवा तो कामावर निघून गेलेला असतो. आम्ही काही महिने रात्रीची उत्तरे आळीपाळीने घरून दिली. पण दिवसभर खिडकीवर बसलेल्या माणसाकडून हे फार काळ होणे नाही. जाहिरातीच्या तरतुदीतून काही रक्कम कमी करून सायंकाळी सात ते दहा या वेळेसाठी एक जबाबदार, घाटावरची व घाटाखालची बोली जाणणारी भगिनी नेमावी, असा प्रस्ताव विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर ठेवला आहे. विश्वस्त मंडळाने त्यास मान्यता द्यावी, ही विनंती.