चुकलो तर हसा, पण थांबवू नका
(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



आठवीच्या स्नेहसंमेलनात समूहगीताला मी शेवटच्या रांगेत उभा होतो. गात नव्हतो, नुसते ओठ हलवत होतो. तशी सूचनाच होती! तेव्हापासून संगीत हा आपला प्रांत नाही, असं मी धरून चाललो.

दोन वर्षांपूर्वी मुलाची इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून काढली. तो म्हणाला, "बाबा, क्लासला लाजत असाल तर गेमवर शिका." मला वाटलं, 2005 साली आलेल्या 'गिटार हिरो'सारखं काही असेल. त्यात प्लॅस्टिकची गिटार आणि पाच रंगीत बटणं. तारेशी संबंधच नाही. पण हा होता 2011चा 'रॉकस्मिथ'. यात खरी गिटार केबलने जोडायची. सहा तारांना सहा रंग. स्क्रीनवर ज्या रंगाची खूण पुढे येईल, ती तार वाजवायची. नीट जमलं की गेम स्वर वाढवतो, चुकलं की कमी करतो. अवघड तुकडा संथ करून हवा तितक्या वेळा घोटता येतो. एकाच ओळीवर मी आठवडा काढला. "तू राहू दे" असं त्याने एकदाही म्हटलं नाही.

पण तीन महिन्यांत डावं मनगट दुखू लागलं. गेमला स्वर ऐकू येतो, मनगट दिसत नाही. शेवटी लाज सोडून एका गिटारशिक्षकांकडे गेलो. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, "मनगट फार वाकवताय." मग म्हणाले, "आता स्क्रीनशिवाय वाजवा." चार ओळींत हात थांबले. मी गाणं शिकलोच नव्हतो, रंगांमागे धावत होतो. आता आठवडाभर गेमवर घोटतो आणि रविवारी स्क्रीन बंद करून वाजवतो.

त्या जुन्या सूचनेबद्दल मनात राग नाही. पन्नास मुलं, एक पेटी आणि कार्यक्रमाला आठ दिवस. एकेकाला घोटून घ्यायला वेळ कुठून आणणार? तो वेळ मला यंत्राने दिला. पण चूक नेमकी कुठे आहे, हे दाखवायला पुन्हा शिक्षकच लागले.

आज गिटार सोबत आणली आहे. एकच गाणं येतं, आणि समोर स्क्रीन नाही. चुकलो तर खुशाल हसा. फक्त या वेळी थांबवू नका.