गुडघा दुसऱ्यांदा जायबंदी होऊ नये म्हणून
(क्रीडाशिक्षकांच्या तालुका शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे; माहिती खात्यातील एक अधिकारी. तरीही या विषयावर बोलण्याचा आग्रह मी धरला, त्याला कारण माझी भाची. ती कबड्डीत चढाई करी. चढाईत एकाएकी वळताना तिचा गुडघा आत मुरडला आणि 'ए.सी.एल.' नावाचा अस्थिबंध तुटला. कोणाचा धक्काही लागला नव्हता. ही दुखापत बहुधा वळताना किंवा उडीनंतर पाय टेकताना अशीच होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पाचव्या महिन्यात ती धावू लागली, तेव्हा 'आता खेळायला हरकत नाही' असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. पहिल्याच सामन्यात तोच गुडघा पुन्हा गेला.

तुटलेल्या बंधाच्या जागी बहुधा रुग्णाच्याच पायातील कंडरा बसवितात. तो रुजून बळकट होण्यास अनेक महिने लागतात. सुरुवातीच्या काळात तर तो अधिकच दुबळा होतो. दुखणे मात्र त्याच्या फार आधी थांबते आणि घोटाळा होतो तो येथेच. पंचविशीच्या आतील जे खेळाडू मैदानावर परतले, त्यांच्यापैकी शेकडा २३ जणांना पुन्हा हीच दुखापत झाली, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आढळले. कित्येकदा ती दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याला होते. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना धोका विशेष.

पण नुसते महिने मोजून भागत नाही. मांडीच्या पुढील स्नायूचे बळ दुसऱ्या पायाच्या निदान शेकडा ९० इतके यावयास हवे. भौतिकोपचार तज्ज्ञाने अनुमती दिल्यावर एका पायावरील उडी मोजपट्टीने मोजता येते. मोजपट्टी आपल्या प्रत्येक शाळेत असतेच. मात्र लांब उडी पडली म्हणून हुरळू नये. पाय टेकताना गुडघा आत झुकतो काय, हे समोर उभे राहून पाहावे. मग आधी सरळ धावणे, नंतर वळणे, त्यानंतर पकडीविना सराव, आणि सामना सर्वांत शेवटी. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा अधिक होते, तेव्हा उडी आणि वळण यांचे हे शिक्षण साऱ्या संघालाच द्यावे.

जिल्हा स्पर्धेची तारीख कोणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही, हे मी जाणतो. संघात सातवा गडी कमी असला की शिक्षकावर गावाचा केवढा दाब येतो, तेही पाहिले आहे. अशा वेळी सरपंचांनी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच विनंती.

भाचीची दुसरी शस्त्रक्रिया होऊन आज दहावा महिना चालू आहे. रोज सकाळी ती घराच्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरते. सामना कधी, हे मी या खेपेस विचारलेले नाही.